सतरा नंबरची हजेरी

१

शाळेचा हजेरीपट कपाटातून नाहीसा झाल्याचं मला बुधवारी सकाळी कळलं. मी तेव्हा भांडी घासत होतो. एका माणसाची भांडी ती किती! एक पातेलं, एक ताटली, एक पेला. तरी माझी सगळी सकाळ त्यात जायची.

दारात शाळेचा शिपाई उभा होता. त्याला सगळे डुलकीराव म्हणतात, आणि तो ओही देतो.

"भोंगेकाका, मोठ्या बाईंनी बोलावलंय. चोरी झालीय. पट गेला."

"मग पोलिसांकडे जा."

"पोलीस काय करणार? चोर पकडतील. पट थोडाच आणून देणार!"

मी कारखान्यात हजेरी कारकून होतो. बावीस वर्षं. सकाळचा भोंगाही मीच वाजवायचो, म्हणून मी भोंगेकाका. मंदी आली, कारखान्याला कुलूप लागलं, त्याला दीड वर्ष झालं. भोंगा गेला, नाव राहिलं. बायको गेली त्याला तीन महिने होत आले होते. तेव्हापासून मी पाणी आणि पाव आणण्यापुरताच बाहेर पडायचो, आणि रस्त्यात कुणाशी बोलत नव्हतो. लोकही माझ्याशी बोलत नसत. दुःखात आहे माणूस, असं म्हणत असतील.

शाळा एका बंद गोदामाच्या वरच्या मजल्यावर आहे. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. कपाट उघडंच होतं.

"शुक्रवारी तपासनीस येतात," त्या म्हणाल्या. "पट समोर नसला तर त्या दिवसापासून मदत बंद. दूध बंद, पाव बंद, कोट परत."

"अंगावरचे कोट?"

"सरकारी मालमत्ता आहे ती."

कारखाना बंद पडल्यावर सरकारनं ही मदत सुरू केली होती. मूल शाळेत आलं तर त्याला रोज पेलाभर दूध, घरी न्यायला अर्धा पाव आणि थंडीसाठी एक कोट. अट एकच: पटावर किमान चाळीस मुलं हवीत. एक जरी कमी झालं तर केंद्र बंद, आणि मुलांनी नदीपलीकडच्या शाळेत जायचं. जायला दोन तास, यायला दोन तास, तेही अनवाणी. थोडक्यात कुणी जाणार नव्हतं. आमच्या शाळेच्या पटावर मुलं होती बरोबर चाळीस.

"नवा पट लिहून काढा," मी म्हणालो.

"डुलकीरावानं स्वतःची कातडी वाचवायला कचेरीत वर्दी देऊन टाकलीय. आता चौकशी झाली असं दाखवावं लागेल. ती तुम्ही करा."

"मीच का?"

"इथं प्रत्येकाचं कुणी ना कुणी शाळेत आहे. तुम्हाला मूलबाळ नाही. तुम्ही कुणाचेच नाही."

त्यांना तसं म्हणायचं नसावं. पण म्हणून झालं होतं.

मी कपाट पाहिलं. कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्ली बाईंच्या खुर्चीमागच्या खिळ्याला असते, हे शाळेतल्या सगळ्यांना ठाऊक. मंगळवारी बारा वाजता बाईंनी पट आत ठेवला आणि त्या कोळशाचा परवाना आणायला कचेरीत गेल्या. आज सकाळी कपाट उघडलं, तर खडूचे खोके होते, दौती होत्या, पट नव्हता.

जिथं पट होता त्याच्या शेजारीच पावाच्या चिठ्ठ्यांचं पुडकं होतं. भट्टीवाल्याला चिठ्ठी दिली की तो काही न विचारता पाव देतो. पुडक्याची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती.

चोराला पाव नको होता. आमच्या गल्लीत पाव नको असलेला माणूस मला माहीत नव्हता.

२

सुरुवात डुलकीरावापासून केली. जिन्याच्या तळाशी, बंद दाराला पाठ लावून तो स्टुलावर बसतो. त्याला उठवल्याशिवाय बाहेर जाता येत नाही.

"काल दुपारी कोण बाहेर गेलं?"

"बारा वाजता बाई, त्या मागाहून परत आल्या. त्यांच्यानंतर शाळा सुटेपर्यंत चिटपाखरू बाहेर गेलं नाही."

"सुटताना?"

"मुलं, बाई, धाकटे मास्तर. सगळ्यांच्या पिशव्या बघितल्या. कोळसा चोरीला जायला लागला तेव्हा बाईंनीच हुकूम काढला, खाली उतरणाऱ्याची पिशवी बघायची. त्यांची स्वतःचीसुद्धा! बाईंच्या पिशवीत काय असतं सांगू? विणकाम. अर्ध्या वर्षापासून तोच एक मोजा."

"आणि तू झोपला असलास तर?"

"दार माझ्या पाठीला असतंय, भोंगेसाहेब. मी झोपलो तरी पाठ जागी असते." मग त्याचा चेहरा उतरला. "बाईंनी सांगितलं वाटतं, घंटेचं?"

"कसली घंटा?"

"काल घंटा अर्धा तास उशिरा झाली. तीनची साडेतीनला. एरवी मला बरोबर जाग येते. काल कशी आली नाही कुणास ठाऊक. बाई म्हणाल्या, एक दिवस तुला स्टुलासकट विकीन."

हसू येण्यासारखं होतं. पण माझा चेहरा सवय विसरला होता. मी ऐकून घेतलं आणि वर गेलो.

पट वर्गात किंवा कपाटाच्या खोलीत नव्हता. मी दोन्ही खोल्या, माळा, बाकांच्या खालचे कप्पे बघितले. शेगडीतली राखही चाळली. पटाच्या पुठ्ठ्याला चार पितळी कोपरे होते. पुठ्ठा जळला तरी पितळ राहतं. राखेत काही नव्हतं.

धाकटे मास्तर वर्गात होते. पंचविशीचा पोरगा, कोपरे विरलेला सदरा. त्यांनी शहरात बदलीसाठी अर्ज केल्याचं डुलकीरावानं जाता जाता माझ्या कानावर घातलंच होतं. शाळा बंद पडली तर बदली आपोआप होणार होती.

"हो, केलाय अर्ज," मास्तर म्हणाले. "तुम्ही नसता केला? पण पट मी नाही नेला. काल दुपारभर मी या फळ्यापुढून हललो नाही. विचारा मुलांना."

"पट शेवटचा कधी पाहिलात?"

"मंगळवारी, तालमीच्या वेळी." आणि ते थांबले. "म्हणजे तपासनिसांपुढं हजेरी कशी द्यायची, त्याची तालीम. बाईंनी घेतली. इथं हजेरी नंबरानं असते ना. सरकारी पद्धत."

"किती होते हजर?"

"चाळीसच्या चाळीस."

ऐन थंडीत चाळीसात चाळीस! आमच्या कारखान्यात असं फक्त पगाराच्या दिवशी व्हायचं. मी वर्गातली डोकी मोजली. एकोणचाळीस.

"आज सतरा नंबर आलेली नाही," मास्तर घाईनं म्हणाले. "सर्दी आहे तिला."

मुलं नंबराप्रमाणे बसली होती, एका बाकावर पाच. शेगडी एका कोपऱ्यात, त्यामुळे पोरं पिलांसारखी एकमेकांना चिकटून. फक्त चौथ्या बाकावर सोळा आणि अठरा यांच्यामध्ये एका मुलाएवढी जागा होती. सोळा नंबरचा पोरगा थंडीनं कुडकुडत होता, पण सरकत नव्हता.

कुणी एक दिवस आलं नाही तर अशा गारठ्यात त्याची जागा घटकाभरात भरून जाते. ही जागा नुसती मोकळी नव्हती. मुलांनी ती राखली होती.

३

दुधाची खोली वर्गाच्या मागे आहे. तिला वेगळा लोखंडी जिना आहे, तो थेट मागच्या अंगणात उतरतो. दूध तापवायचं, वाटायचं आणि पेले घासायचे, हे काम पूर्वी माझी बायको करायची. ती गेल्यावर ते गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका बाईला मिळालं. मुलं तिला दूधमावशी म्हणतात. नवरा काम शोधायला परगावी गेला होता आणि त्याचं पत्र येणंही थांबलं होतं.

त्या खोलीत जायला माझे पाय तयार नव्हते. भिंतीवर चाळीस खिळे होते, नंबर घातलेले. ते आकडे माझ्या हिनं, बायकोनं, रंगवलेले.

"या काका," दूधमावशी म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. ती पेले पुसून टांगत होती.

"काल दुपारी कपाटाच्या खोलीत कुणी गेलेलं पाहिलंस?"

"मला काय दिसणार? माझं डोकं दुधात."

"सगळी मुलं पितात का दूध?"

"पितात की. चाटूनपुसून."

मी खोली आणि शेगडीची राख बघून घेतली, पट तिथंही नव्हता. मग मी पेल्यांजवळ गेलो. प्रत्येकाच्या कानात अडकवायला दोरी बांधलेली. मला आठवलं, पहिल्या दिवशी हिनं सगळ्या पेल्यांना पांढरी नाडी बांधली होती. कोटांना आकडे शिवून उरलेली. रोजच्या ओलीनं ती नाडी महिन्याभरात कुजणार, असं मी तेव्हाच म्हणालो होतो. ती म्हणाली होती, कुजली की दुसरी बांधीन, तुमचं काय जातंय?

एकोणचाळीस पेल्यांना आता सुतळी होती. ओली. एका पेल्याला अजून हिचीच पांढरी नाडी होती, हिच्याच गाठीची. कोरडी ठणठणीत. खिळा सतरा नंबरचा.

त्या पेल्याला इतरांपेक्षा जास्त चकाकी होती. कुणीतरी तो रोज कोरड्या फडक्यानं घासत होतं. पण पीत कुणी नव्हतं, आणि तेही फक्त आज नाही, बरेच दिवस.

शेगडीपाशी एक लहान मुलगी पळीनं दूध पीत बसली होती. कोट पार घोट्यापर्यंत.

"तू कोण गं?"

"बटण."

"बटण का?"

"एकच राहिलंय म्हणून." तिनं कोटाचं ते एक बटण मला नीट दाखवलं. "तुम्ही भोंगा ना? आई म्हणते, आता तुम्ही वाजत नाही."

"बटण!" दूधमावशी म्हणाली.

"शाळेत जातेस?" मी विचारलं.

"मी लहान आहे अजून. पण काल मी मोठी झाले होते."

दूधमावशीनं येऊन तिला कॉलरला धरून उठवलं. पळी जमिनीवर पडली. कॉलर उलटली तेव्हा आतल्या बाजूच्या पांढऱ्या नाडीवर लाल दोऱ्यानं शिवलेले दोन आकडे मला दिसले.

४

घरी येऊन मी हिचा शिवणाचा डबा काढला. तीन महिन्यांत हात लावला नव्हता. लाल दोऱ्याचं रीळ तसंच होतं, सुई त्यातच खोचलेली.

मागच्या वर्षी हिनं याच खाटेवर बसून चाळीस कोटांना आकडे शिवले होते. मी समोर भिंतीकडे तोंड करून पडलेला. काम गेल्यापासून मी तेवढंच करायचो. ही काही सांगायची, मी हूं म्हणायचो. शेवटच्या आजाराआधी तीन रात्री ही बाहेर होती. जाताना म्हणाली, एका लेकराला बरं नाही, त्याच्या आईला जरा डोळा लागू दे. मी हूं म्हणालो. कुणाचं लेकरू, कुठं, काहीच विचारलं नाही. चौथ्या दिवशी ती ताप घेऊन आली, आणि तो ताप तीन दिवसांत तिला घेऊन गेला.

मी पटाचा विचार करायला लागलो. विचार करायला काहीतरी होतं, हे बरं वाटलं.

पट इमारतीत नाही. जळलेला नाही. पुढच्या दारानं गेला नाही, कारण दाराला डुलकीरावाची पाठ होती आणि सुटताना पिशव्या बघितल्या गेल्या. राहिला मागचा जिना. त्या जिन्यानं रोज एकच वस्तू खाली जाते: दुधाचा रिकामा डबा. रुंद तोंडाचा, मांडीएवढा उंच. दूधमावशी तो घरी धुवायला नेते.

आणि डुलकीराव काल झोपून राहिला. त्याला रोज तीनच्या आधी जाग कशी येते? मला ते ठाऊक होतं, कारण हिच्या वेळेलाही तसंच होतं. रिकामा डबा लोखंडी पायऱ्यांवरून एकेक पायरी आपटत खाली येतो आणि आतली पळी घंटेसारखी वाजते. ही म्हणायची, शिपायाला मीच उठवते, फुकटात. काल तो डबा वाजला नव्हता. म्हणजे तो कुणी ओढत नेला नव्हता. कडेवर उचलून नेला होता. त्यात काहीतरी होतं.

राहता राहिलं, का? तिनं पाव घेतला नव्हता. शाळा बंद पडली तर तिचं काम जाणार, तिच्या पोरीचं दूध जाणार. कुणी स्वतःच्या ताटात माती कशाला कालवेल?

बटणाच्या अंगावर सतरा नंबरचा कोट होता. बटण लहान, पटावर नाही. म्हणजे सतरा नंबर तिची थोरली बहीण. तिला सर्दी होती म्हणे. अशा थंडीत आजारी पोरीचा कोट काढून कुणी धाकटीला घालेल का?

घालेल. एका बाबतीत घालेल. थोरलीला आता कोट लागत नसला तर.

५

गुरुवारी दुपारी मी दूधमावशीच्या खोलीवर गेलो. एक खाट, एक चूल, आणि कोपऱ्यात दुधाचा डबा पालथा घातलेला. बटण दारात खडे मोजत होती.

"बसा काका," ती म्हणाली. मी येणार हे तिला माहीत असावं.

"थोरली कधी गेली?"

तिनं चुलीत एक काटकी सरकवली. मग म्हणाली, "काकूंच्या आधी तीन दिवस."

मला आधी नीट कळलं नाही. काकू म्हणजे कोण, हे समजायला थोडा वेळ लागला.

"तुम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, माहीत असेल आणि तुम्ही माझ्यावर रागावला असाल. म्हणून बोलत नसाल."

"ती तीन रात्री इथं होती?"

"या खाटेवर. पोरीचं डोकं मांडीवर घेऊन. मला म्हणायच्या, तू झोप, मी आहे. तिसऱ्या पहाटे मला उठवलं, तेव्हा सगळं झालं होतं." तिनं खाटेवरून हात फिरवला. "तुमची बाई माझ्या पोरीचा ताप घेऊन गेली, काका. तुमच्याकडं बघायचं मला धाडस नव्हतं."

बाहेर बटण एकवीसच्या पुढं चुकत होती आणि परत पहिल्यापासून मोजत होती.

"पोरगी गेली तर पटावर एकोणचाळीस," दूधमावशी म्हणाली. "मोठ्या बाई त्याच पहाटे आल्या. म्हणाल्या, एकोणचाळीस पोरांचं दूध तुझ्या हातात आहे. चारचौघांनी उजाडायच्या आत तिला नेलं. मला रडूही मोठ्यानं दिलं नाही. मग काकू गेल्या आणि त्यांचं काम बाईंनी मला दिलं. तेव्हापासून रोज सकाळी मी दूध तापवते, आणि पलीकडं मास्तर म्हणतात, सतरा. आणि कुठलं तरी पोर म्हणतं, हजर."

"रोज?"

"रोज. पहिल्यांदा वाटायचं कान बंद करावेत. मग सवय झाली. मग तर…" ती हसल्यासारखं करून थांबली. "मग मी वाट बघायला लागले. दिवसातून एकदा तरी ती आहे असं कुणी म्हणतंय. पेला घासायचे. वेडीच म्हणा."

"मग पट का घेतलास?"

तिनं बटणाकडे पाहिलं.

"तपासनीस डोकी मोजणार. म्हणून मंगळवारी बाईंनी हिला नेलं, ताईच्या जागेवर बसवलं. हिला पढवलं, सतरा म्हटलं की हजर म्हणायचं. मी दूध वाटत होते. मास्तर म्हणाले सतरा, आणि हिनं हजर म्हटलं. अगदी तिच्यासारखं, ओरडून." तिनं पालथ्या डब्यावर हात ठेवला. "दुसऱ्या पोरांनी म्हटलं, ते मी चालवून घेतलं. पण हिनं म्हटल्यावर मला कळलं, आता थोरली खरंच नाही. आणि हीसुद्धा नाही. हिला आता सगळे सतरा म्हणणार. माझ्या दोन होत्या, काका. कागदावर एकच उरणार होती, आणि तीही मेलेली."

तिनं डबा उचलला. खाली फडक्यात गुंडाळलेला पट होता. त्याला दुधाचा आंबूस वास येत होता.

"जाळणार होते. जमलं नाही. त्यात तिच्या खुणा आहेत. पहिल्या, खऱ्या."

मी तो उघडला. बावीस वर्षं मी हेच वाचलं होतं. खरी हजेरी वेडीवाकडी असते: शाई कधी फिकी, कधी दाट, मधे एखादा खाडा. सतरा नंबरच्या ओळीत थंडी सुरू होईपर्यंत चार खाडे होते. एका शनिवारनंतर एकही नव्हता. मेल्यावर ती पोरगी एक दिवसही चुकली नव्हती.

६

संध्याकाळी मी पट मोठ्या बाईंपुढं ठेवला. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणून मला बोलावलंत," मी म्हणालो. "गल्लीत मला एकट्यालाच माहीत नव्हतं."

"ज्याला माहीत होतं त्यानं चोर शोधलाच नसता," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना पहिल्या तासात कळलं असेल. सगळे गप्प बसले असते. मला पट हवा होता, भोंगेकाका. रागवा तुम्ही, पण मला पट हवा होता."

धाकटे मास्तर दारात उभे होते. "खरं लिहा," ते म्हणाले. "तीन महिन्यांपूर्वीची तारीख घाला आणि संपवा."

"मग बाई तुरुंगात, आणि पोरं घरी," मी म्हणालो. "आणि खोट्या खुणा तुमच्याही हातच्या आहेत, मास्तर."

मास्तरांनी आत येऊन दार लावून घेतलं.

"बटण किती वर्षांची?" मी विचारलं.

"पाच वर्षं आठ महिने. सहा पूर्ण लागतात."

मी पट समोर ओढला. बावीस वर्षांत मी एक खोटी खूण केली नव्हती. माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा अर्धा दिवस कापला होता, आणि ही आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. म्हणाली होती, तुमचा कागद माणसापेक्षा शहाणा आहे का?

"सतरावर काट मारा," मी म्हणालो. "कारण लिहा, मृत्यू. तारीख मंगळवारची. आणि खाली एकेचाळीस नंबर घाला. बटण. तिचा जन्म पाच महिने मागं न्या. तिला तिचा नंबर, तिचा पेला. बाकावर शेवटची जागा. पटावर चाळीस राहतात."

"मंगळवारी सकाळी ती हजर आहे," मास्तर म्हणाले. "तालमीत खूण केलीय मी."

"ती असू दे. खाडाखोड दिसली की तपासनीस थांबतो. खूण दिसली की पुढं जातो."

बाईंनी दौत पुढं ओढली. "तिच्या आईला विचारलंत?"

विचारलं होतं. ती म्हणाली होती, म्हणजे आता मला रडता येईल?

७

शुक्रवारी अकराला तपासनीस आले. थकलेला माणूस, बूट फाटलेले. म्हणजे त्यांच्या कचेरीतही मंदी पोचली होती. माझी चौकशी त्यांनी वाचली: पट दुधाच्या डब्याच्या फडक्यांत चुकून गेला होता, सापडला. त्यांनी पटाचा वास घेतला आणि मान हलवली.

मग हजेरी झाली. मास्तरांनी सोळा म्हटलं, मग अठरा म्हटलं. मधे श्वास घेतला नाही. शेवटी एकेचाळीस. बटण उभी राहून ओरडली, "हजर!" आणि बसायचं विसरली.

तपासनिसांनी डोकी मोजली. चाळीस. मग त्यांचं बोट पटावर थांबलं.

"मंगळवारी हजर. मंगळवारीच मृत्यू?"

मोठ्या बाई चष्म्याचा दोरा चाचपायला लागल्या.

"ताप होता, साहेब," मी म्हणालो. "पोरं ताप घेऊनसुद्धा दुधासाठी येतात. या तापाला वेळ लागत नाही. माझ्या बायकोला तीनच दिवस लागले. ती इथंच कामाला होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी खोटं बोलतोय की खरं, हे मलाच सांगता आलं नसतं.

"आई कोण?"

दुधाच्या खोलीच्या दारात दूधमावशी पळी घेऊन उभी होती.

"तीन दिवस झाले, आणि तुम्ही कामावर?"

"दूध नासतं, साहेब," ती म्हणाली.

तपासनिसांनी बराच वेळ पटाकडे पाहिलं. एक पान मागं उलटलं. आणखी एक. सतरा नंबरच्या न चुकलेल्या ओळीवर त्यांचं बोट मला फिरताना दिसलं. तसं वाचता येणारा मी एकटाच नसणार. मग त्यांनी शेवटच्या पानावर सही केली, टोपी हातात घेतली, आणि दूधमावशीपुढून जाताना ती डोक्यावर न घालताच जिना उतरले. खाली डुलकीरावानं त्यांची पिशवी बघायला मागितली, ते आम्हाला वरपर्यंत ऐकू आलं.

त्या दुपारी दूधमावशीनं डबा ओढत खाली नेला. पायरीपायरीवर वाजत. अंगणात पोचल्यावर ती शेवटच्या पायरीवर बसली आणि तिनं आवाज सोडला. तीन महिन्यांचा आवाज. घराघरातून बायका बाहेर आल्या. भट्टीवाला आला, पिठाचे हात घेऊन. त्या पहाटे पोरीला ज्यांनी नेलं होतं ते चौघे आले. प्रत्येकजण असा आला, जणू बातमी आत्ताच कळली. आणि कुणी नाटक करत नव्हतं.

मी वरच्या खिडकीत होतो. मागं वर्गात मुलं पाव घेत होती. सोळा नंबरचा पोरगा बाकावर सरकला. अठरा नंबरची पोरगी त्याला चिकटली.

सगळे गेल्यावर मी खाली उतरलो आणि दूधमावशीच्या शेजारी पायरीवर बसलो.

"त्या तीन रात्री," मी विचारलं, "ही काय काय बोलली?"

तिनं पदरानं डोळे पुसले, डबा बाजूला सरकवला, आणि पहिल्या रात्रीपासून सांगायला लागली. मी हूं म्हणालो नाही. प्रत्येक गोष्ट विचारून घेतली.